बेस, विमान, सीट: बिड भरण्याआधी पायलटने काय मोजावं आणि कोणत्या क्रमाने

कंपनीने व्हेकन्सी (रिकाम्या जागा) जाहीर केली की बहुतेक पायलट आधी विमान पाहतात. मग पगाराचा तक्ता, मग बेस (ज्या विमानतळावरून ड्यूटी सुरू होते तो), आणि बिड (पसंतीक्रमाचा अर्ज) भरून झाल्यावर कधीतरी घरी सांगतात. हा क्रम उलटा आहे. एकदा अवॉर्ड (मागितलेली जागा) मिळाला की फ्रीझ (पुन्हा बदल मागता येत नाही असा काळ) लागतो, आणि चुकलेला निर्णय दोन-तीन वर्षं अंगावर वागवावा लागतो. त्या काळात मुलं मोठी होतात, आईवडील थकतात आणि झोपेचं गणित बिघडतं ते बिघडतंच.

योग्य क्रम असा: आधी घर, मग बेस, मग त्या बेसवर सिनिऑरिटीच्या (सेवाज्येष्ठतेच्या) यादीत तुमची जागा, आणि त्यानंतर विमान व सीट (कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक). पगार सगळ्यात शेवटी, तोही घराबाहेर गेलेल्या तासांनी भागून. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळला तर त्यापुढची सगळी उत्तरं चुकतात.

टप्पा १: कागद आधी गोळा करा

व्हेकन्सीची वाट पाहू नका. बिडची खिडकी उघडी असते ते दिवस वाचण्यात गेले, तर विचाराला वेळच उरत नाही. एवढं हाताशी हवं:

१. नोकरीचा किंवा युनियनचा करार. त्यातली फ्रीझ, ट्रेनिंग बाँड (ट्रेनिंगच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरीचं बंधन), डिस्प्लेसमेंट (जागा गेल्यावर दुसरीकडे हलवणं), स्टँडबाय (फोन आला तर ड्यूटीवर जायची तयारी) आणि किमान हमी तासांची (उडलं नाही तरी पगार मिळतो त्या तासांची) कलमं स्वतः वाचा. क्रू रूममध्ये ऐकलेला नियम बरेचदा मागच्या करारातला असतो.

२. ताजी सिनिऑरिटी यादी, शक्यतो निवृत्तीच्या वर्षांसकट.

३. मागच्या तीन-चार व्हेकन्सींचे निकाल. त्या त्या बेसवर, त्या त्या सीटवर सगळ्यात ज्युनिअर कोण गेला, हे त्यात दिसतं.

४. स्टाफ ट्रॅव्हल आणि जम्पसीटचे (कॉकपिटमधल्या जास्तीच्या आसनाचे) नियम. कम्यूट (दुसऱ्या गावातून बेसला ये-जा) करणाऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा कागद.

५. प्रत्यक्ष रोस्टर (महिन्याच्या ड्यूट्यांचं वेळापत्रक).

या पाचव्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ज्या फ्लीटवर (एका प्रकारच्या विमानांच्या ताफ्यावर), ज्या बेसला, ज्या सीटवर जायचं आहे, तिथल्या तिघांकडून रोस्टर मागा: एक यादीच्या वरच्या भागातला, एक मधला, एक तळाचा. प्रत्येकाकडून तीन महिने घ्या: एक सुट्ट्यांच्या हंगामाचा, एक खराब हवामानाचा, एक साधा. आणि प्रत्येक महिन्याच्या दोन प्रती मागा, एक जाहीर झालेली आणि एक प्रत्यक्षात उडालेली. या दोन प्रतींत जेवढं अंतर, तेवढा त्या फ्लीटवर तुमचा शब्द घरी खोटा ठरणार. जाहीर रोस्टर सुंदर असतो. शनिवारी संध्याकाळी घरी कोण होतं, हे उडालेला रोस्टर सांगतो.

*सावधान:* वीस वर्षांच्या सिनिअर कॅप्टनचा रोस्टर पाहून फ्लीट निवडू नका. तो रोस्टर विमानाने दिलेला नसतो, त्याच्या सिनिऑरिटीने दिलेला असतो. तुमच्या वाट्याला येईल तो तळाच्या माणसाचा.

टप्पा २: घरात बसून अटी लिहा

हे काम तोंडी करू नका. कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात ज्यांवर तडजोड नाही अशा गोष्टी: जोडीदाराची नोकरी जिथे आहे ते शहर, मुलाचं दहावी-बारावीसारखं निर्णायक वर्ष, आजारी आईवडील, स्वतःची तब्येत. दुसऱ्यात ज्या वाकवता येतील त्या. पहिला रकाना लांबला तर पुन्हा बसा. सगळंच अटळ म्हटलं की निवड करायला काही उरत नाही.

“सुट्टी जास्त हवी” एवढं लिहून भागत नाही. घराबाहेर असण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक घराला त्यातला वेगळा प्रकार बोचतो. काहींना रोज रात्री आपल्या अंथरुणात झोपायचं असतं, मग पहाटे तीनला उठावं लागलं तरी चालतं. काहींना सलग पाच-सहा दिवस गैरहजेरी चालते, पण परतल्यावर सलग आठ दिवस फोन वाजायला नको असतो. पहिल्या घराला नॅरोबॉडी (मधोमध एकच मार्गिका असलेलं विमान) किंवा टर्बोप्रॉप (पंख्यांचं छोटं विमान) मानवतं, दुसऱ्याला लाँग हॉल (लांब पल्ल्याची उड्डाणं). म्हणून जोडीदाराला थेट विचारा: रोज येतो पण थकून येतो असं चालेल, की आठवडाभर नाही पण मग पूर्णपणे घरी? उत्तर तुम्ही गृहीत धरलेलं नसण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे आपलं मत सांगण्याआधी हा प्रश्न विचारा.

एकटे राहणाऱ्यांनीही हा टप्पा गाळू नये. झोप, व्यायाम, मैत्री, लग्नाचा विचार, आईवडिलांकडे जाणं, हे सगळं रोस्टरवरच अवलंबून आहे.

शेवटी मुदत लिहा. हा निर्णय किती वर्षांसाठी आहे? फ्रीझ दोन वर्षांचा असेल आणि ट्रेनिंगला सहा महिने लागणार असतील, तर मूल आज आठवीत आहे हा विचार पुरेसा नाही. ते दहावीत असेल तेव्हाचा विचार करायचा.

*तपासा:* पहिला रकाना जोडीदाराने स्वतः वाचून होकार दिला आहे का? नसेल तर इथेच थांबा.

टप्पा ३: बेस ठरवा, तोही घड्याळ लावून

राहणीमानावर विमानापेक्षा बेसचा परिणाम जास्त होतो. बेसच्या गावात राहणारा ज्युनिअर पायलट अनेकदा कम्यूट करणाऱ्या सिनिअरपेक्षा जास्त वेळ घरी असतो. म्हणून दुसऱ्या बेसचा विचार आला की पहिला प्रश्न असा: तिथे राहायला जाणार, की घर इथेच ठेवून ये-जा करणार? “पुढे बघू” हे उत्तर म्हणजे कम्यूटिंगच.

कम्यूटचा हिशेब दारापासून दारापर्यंत करा. विमानाचा वेळ दीड तास दिसतो. त्यात घरापासून विमानतळ, सुरक्षा तपासणी, जागा मिळेल की नाही याची वाट पाहणं, तिकडे उतरून मुक्कामाच्या जागी पोचणं हे धरलं की एका बाजूचे पाच-सहा तास सहज होतात. महिन्यात चार ट्रिप असतील तर आठ फेऱ्या. सहा तासांनी ४८ तास, म्हणजे दर महिन्याला पूर्ण दोन दिवस, आणि तेही पगाराशिवाय. शिवाय पहाटेच्या रिपोर्टिंगसाठी आदल्या रात्री पोचावं लागतं आणि रात्री उशिरा ट्रिप संपली की दुसऱ्या दिवशी निघावं लागतं. रोस्टरवर सुट्टी म्हणून छापलेले हे दिवस प्रत्यक्षात क्रॅशपॅडमध्ये (बेसजवळच्या मुक्कामाच्या भाड्याच्या जागेत) जातात.

म्हणून तळाच्या माणसाचे रोस्टर समोर घ्या आणि प्रत्येक ट्रिपवर खूण करा: आदल्या दिवशी न निघता गाठता येते का, आणि संपल्यावर त्याच दिवशी घरी पोचता येतं का? दोन्ही उत्तरं “हो” असलेल्या ट्रिप मोजा. एकूण ट्रिपच्या निम्म्याही निघाल्या नाहीत, तर त्या बेसला कम्यूट करून सुखाने राहता येणार नाही, विमान कितीही आवडतं असो.

थकव्याचा भाग याहून गंभीर आहे. कम्यूटचा वेळ ड्यूटीत धरला जात नाही, पण ड्यूटीवर ताजंतवानं हजर होण्याची जबाबदारी पायलटचीच असते. घर ते बेस प्रवास नेहमी ९० मिनिटांहून जास्त होत असेल तर बेसजवळ तात्पुरत्या मुक्कामाची सोय करण्याचा विचार करावा, असं युरोपच्या ईएएसए या हवाई सुरक्षा संस्थेचं मार्गदर्शन सांगतं. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जणांचा मृत्यू झाला. त्यातली फर्स्ट ऑफिसर सिएटलहून रात्रभर प्रवास करून न्यूअर्कच्या बेसला आली होती, आणि कॅप्टनही दूर राहून कम्यूट करणारा होता. तपासात मुख्य कारण म्हणून कॅप्टनने स्टॉलच्या (पंखांची उचल संपत असल्याच्या) इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद नोंदवला गेला. दोघांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असावा, पण तो किती हे ठरवता आलं नाही. कम्यूटचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा तपास अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं.

बेसच्या गावातच राहणाऱ्यांनीही अंतर मोजावं. ईएएसएच्या नियमांत बेसवरची किमान विश्रांती १२ तास किंवा आधीच्या ड्यूटीएवढी, यांपैकी जी जास्त असेल ती. घर दीड तासावर असेल तर बारातले तीन रस्त्यात गेले. उरलेल्या नवात जेवण, अंघोळ, मुलांशी दोन शब्द आणि झोप. त्यामुळे विमानतळापासून लांबचं मोठं घर आणि जवळचं लहान घर यांत मी जवळचं निवडेन.

मग बेसची स्थिरता पाहा. तिथे किती फ्लीट आहेत? एकच फ्लीट आणि मोजकी विमानं असलेला बेस बंद करणं कंपनीला सोपं जातं. अनेक फ्लीट आणि देखभालीची मोठी सोय असलेला बेस सहसा टिकतो. बेस बंद झाला तर तुम्हाला कुठे जाता येईल, हे डिस्प्लेसमेंटच्या कलमात शोधा. आणि राहतं घर दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या करव्यवस्थेत असेल, तर बिडआधी कर सल्लागाराला भेटा, नंतर नाही.

*सावधान:* स्टँडबायवर असताना कम्यूट करणं ही सगळ्यात वाईट जोडी. अमेरिकेत शॉर्ट कॉलचा (फोन आल्यावर थोड्या वेळात हजर व्हायच्या स्टँडबायचा) कालावधी १४ तासांपर्यंत असू शकतो, युरोपात घरून स्टँडबाय १६ तासांपर्यंत. फोन आला की ठरलेल्या वेळेत पोचायचं, म्हणजे तेवढे दिवस बेसच्या गावातच बसून राहायचं, फोन न वाजला तरी.

टप्पा ४: यादीत तुमची जागा काढा

कंपनीभरातला सिनिऑरिटी क्रमांक इथे फारसा उपयोगाचा नाही. हवा तो क्रमांक एका बेसवर, एका फ्लीटवर, एका सीटवर. तिथे १२० फर्स्ट ऑफिसर असतील आणि तुमच्या वर ९० जण बसणार असतील, तर तुम्ही ९१वे, म्हणजे वरून सुमारे ७६ टक्क्यांवर. महिन्याची बिड (रोस्टरसाठीची पसंती), रजा, सणाचे दिवस, सगळं या आकड्यावर ठरतं.

आकडा नुसता काढून ठेवू नका, त्याचा अर्थ विचारा. त्या सीटवर नियमित लाइन (आधीच ठरलेलं महिन्याचं काम, स्टँडबाय नव्हे) मिळणारा शेवटचा माणूस कितव्या क्रमांकावर आहे? शनिवार-रविवार सुट्टी मिळणारा शेवटचा? शाळेच्या सुट्टीत रजा मिळणारा शेवटचा? हे तीन क्रमांक महिन्याच्या निकालांतून निघतात, आणि फ्लीटगणिक ते खूप वेगळे असतात. तुम्ही त्यांच्या वर की खाली, यावर पुढची दोन वर्षं कशी जाणार ते दिसतं.

मग हा आकडा पुढे कुठे जाईल ते पाहा. निवृत्त होणारे मोजा. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक हवाई वाहतुकीत दोन पायलटांच्या विमानासाठी आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या हवाई वाहतूक संस्थेची वयोमर्यादा २००६ पासून ६५ आहे. त्यामुळे यादीत जन्मवर्षं असतील तर पुढच्या पाच वर्षांत वरचे किती जण जाणार, हे अर्ध्या तासात मोजता येतं. उलट बाजूही धरा. कंपनीत तुमच्याहून सिनिअर असलेले पण आज दुसऱ्या फ्लीटवर असलेले लोक या बेसवर येऊ शकतात. एखादं जुनं फ्लीट निवृत्त होणार असेल तर ते सगळे कुठेतरी उतरणार, आणि उतरतील ते तुमच्या वर.

सिनिऑरिटीवर रोस्टर न ठरणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत. तिथे रोस्टर सॉफ्टवेअर बनवतं, किंवा पाच दिवस काम, चार दिवस सुट्टी असे ठरावीक साचे असतात. अशा ठिकाणी या टप्प्यात तीन गोष्टी विचारा: महिन्याला किती मागण्या नोंदवता येतात, त्यातल्या किती मान्य होतात, आणि जाहीर रोस्टर बदलायला पायलटची संमती लागते का.

*दोन कंपन्यांच्या ऑफर हातात असतील तर:* सिनिऑरिटी एका कंपनीतून दुसरीकडे जात नाही. दहा वर्षांचा कॅप्टनही नव्या यादीत तळाला बसतो. रुजू होण्याची तारीख इथे फार महत्त्वाची असते. भरती जोरात असेल तेव्हा महिनाभर उशीर केला तर तुमच्या वर कायमचे कितीतरी जण बसतात. एकाच बॅचमध्ये क्रम कसा ठरतो, वयाने की आणखी कशाने, हे सही करण्याआधी विचारा.

टप्पा ५: आता विमान

इथवर आलात तर पर्याय दोन-तीनवर आले असतील. विमानाची निवड म्हणजे मुळात कोणत्या तऱ्हेचा थकवा झेपेल याची निवड.

टर्बोप्रॉप आणि रीजनल जेटवर दिवसाला चार-पाच-सहा सेक्टर (उड्डाणं) असतात. हात तयार होतो, लँडिंग भरपूर मिळतात, बरेचदा रात्री घरी. पण दिवस लांब आणि मधली विश्रांती तुटक. नॅरोबॉडीवर दोन ते चार सेक्टर, पहाटेची किंवा रात्री उशिराची ड्यूटी. इथला खरा शत्रू म्हणजे पहाटेच्या ड्यूट्यांची रांग आणि तिच्यानंतर लगेच उशिराच्या ड्यूट्या. शरीर सगळ्यात मंद असतं तो काळ नियमांत पहाटे २:०० ते ५:५९ असा धरतात. तळाच्या माणसाच्या रोस्टरवर महिन्यात किती वेळा या काळात ड्यूटी येते, ते मोजा. ईएएसएच्या तक्त्यात सकाळी सुरू होणाऱ्या एक-दोन सेक्टरच्या दिवसाला १३ तासांपर्यंत ड्यूटी चालते, आणि संध्याकाळी पाच ते पहाटे पाच या वेळेत सुरू होणाऱ्या दिवसाला ११. एवढा फरक उगाच ठेवलेला नाही.

वाइडबॉडीची (दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानाची) ओढ समजण्यासारखी आहे, आणि ती चुकीची मुळीच नाही. महिन्यात ट्रिप कमी, सलग सुट्टी जास्त, कम्यूट करणाऱ्याला फेऱ्या कमी. पण अमेरिकेच्या नियमांत चार पायलट आणि झोपायला बंक असेल तर ड्यूटी १९ तासांपर्यंत जाऊ शकते. टाइम झोन बदलतात, आणि बहुतेकांना पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेपेक्षा जास्त बाधतो. परतल्यानंतरचे पहिले दोन दिवस रोस्टरवर सुट्टीचे असतात, पण घरच्यांना तुम्ही त्या दिवसांत अर्धेच मिळता. त्यामुळे सुट्ट्या मोजताना प्रत्येक लांब ट्रिपमागे किमान एक दिवस वजा करा. दुसरी अडचण हाताची. चार पायलटांत दोनच लँडिंग वाटून घ्यायच्या, त्यामुळे ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगची अट पुरी करायला अनेकांना सिम्युलेटर गाठावा लागतो. ज्याला उडवण्यातच आनंद आहे, त्याने हे मनावर घ्यावं.

कार्गोचं विमान तेच, पण काम बहुधा रात्रीचं. ज्यांना दिवसा गाढ झोप लागते त्यांना ते मानवतं. आपल्याला ती लागते का, हे बिड भरण्याआधी ठाऊक असावं.

मग टाइप रेटिंगचं (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीचं) भविष्य. एअरबस ए३२० परिवार आणि बोईंग ७३७ ही विमानं जगभर इतकी आहेत की त्यांचं रेटिंग कुठेही उपयोगी पडतं. काही रेटिंग एकमेकांच्या जवळची आहेत: ए३३० आणि ए३५०, किंवा बोईंग ७७७ आणि ७८७, यांच्यात छोट्या डिफरन्स कोर्सवर जाता येतं. एकाच टाइपवर अवलंबून राहण्याचा धोकाही खरा आहे. ७३७ मॅक्स मार्च २०१९ पासून अमेरिकेत नोव्हेंबर २०२० पर्यंत जमिनीवर होतं. ए३८० चं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं आणि २०२० च्या महासाथीत कित्येक कंपन्यांनी चार इंजिनांची फ्लीट कायमची उभी केली. मोठं, देखणं, पण थोडक्या संख्येचं विमान निवडताना कंपनीने नवी मागवली आहेत का, आणि आहेत त्यांची लीज कधी संपते, हे वार्षिक अहवालात पाहा.

*सावधान:* कंपनीत नवं फ्लीट येत असेल तर सुरुवातीला ज्युनिअरनाही जागा मिळते. पण विमानं उशिरा येऊ शकतात, बेस बदलू शकतो, आणि पहिली दोन वर्षं रोस्टर अस्थिर असतो. पहिल्या रकान्यात स्थिरता लिहिली असेल तर पहिल्या बॅचमध्ये जाऊ नका.

टप्पा ६: सीट

अपग्रेड आला की घ्यायचाच, असं मानलं जातं. कॅप्टन होणं ही पायलटच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे, तिचा मान मला पुरेपूर आहे. तरीही हिशेब करा: सिनिअर फर्स्ट ऑफिसर म्हणून हवी ती ट्रिप आणि ठरलेली रजा मिळत होती. कॅप्टनच्या यादीत तुम्ही तळाला, स्टँडबायवर, सणाच्या दिवशी कामावर. पगाराचा दर वाढतो, पण स्टँडबायवर अनेक ठिकाणी किमान हमी तासांएवढाच पगार मिळतो. म्हणून तुलना दराची करू नका, महिन्याला हातात येणाऱ्या रकमेची करा.

पुढे कंपनी बदलायची असेल तर कमांडचे तास मोलाचे असतात, तेव्हा लवकर अपग्रेड योग्य. निवृत्तीची रक्कम शेवटच्या वर्षांच्या पगारावर ठरत असेल तर उशिरा का होईना, घ्यायला हवा. घरात लहान बाळ असेल आणि या दोन्ही गोष्टी लागू नसतील, तर दोन वर्षं थांबण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त थांबण्याने अपग्रेडची संधी किती पुढे जाते, हे मागच्या अवॉर्डमधून तपासा.

टप्पा ७: पगार भागिले घराबाहेरचे तास

आता आकडेमोड. प्रत्येक पर्यायासाठी महिन्याचे घराबाहेरचे एकूण तास काढा: रिपोर्टिंगपासून ट्रिप संपेपर्यंतचा सगळा वेळ, अधिक कम्यूट, अधिक आधी-नंतरचे मुक्काम.

समजा पर्याय ‘अ’ म्हणजे बेसच्या गावात राहून नॅरोबॉडी. पगार १०० एकक, ट्रिपचे २४० तास, घर ते विमानतळ २० तास, एकूण २६०. तासाला सुमारे ०.३८ एकक.

पर्याय ‘ब’ म्हणजे कम्यूट करून वाइडबॉडी. पगार १२५ एकक, ट्रिपचे २७० तास, कम्यूट ४८, मुक्काम ३६, एकूण ३५४. तासाला ०.३५.

खरा आकडा त्यापुढचा. ‘ब’ निवडल्याने वाढले २५ एकक, आणि त्यासाठी जास्तीचे ९४ तास घराबाहेर. म्हणजे त्या जास्तीच्या प्रत्येक तासाचा मोबदला सुमारे ०.२७ एकक. त्यातून क्रॅशपॅडचं भाडं आणि वाढलेला कर वजा करा. जे उरेल त्या दरावर तुम्ही महिन्याला ९४ तास घरापासून दूर राहायला तयार आहात का? हा प्रश्न जोडीदारासमोर मोठ्याने वाचा. उत्तर “हो” असू शकतं, कर्ज असेल तर अनेकदा असतंच, पण ते आकडा पाहून दिलेलं असावं.

*तपासा:* ‘ब’ चे तास तळाच्या माणसाच्या उडालेल्या रोस्टरवरून काढले आहेत ना? जाहीर रोस्टरवरून काढले असतील तर पुन्हा मोजा.

टप्पा ८: बिड भरणं

१. मिळालं तर जाणार नाही, ते यादीत लिहू नका. “एवढ्यात कुठे मिळतंय” म्हणून लिहिलेली ओळ कधीकधी पहिल्याच फेरीत लागते.

२. सगळ्यात आवडती ओळ सगळ्यात वर. मिळण्यासारखी ओळ वर लिहिली की काम सोपं होईल, हा गैरसमज आहे. सिनिऑरिटीच्या पद्धतीत वरून खाली पाहत तुमच्या क्रमांकाला बसणारी पहिली ओळ दिली जाते. खालची ओळ वर लिहिली की तीच मिळते, आणि आवडती ओळ मिळत असूनही हातची जाते.

३. बेस, फ्लीट आणि सीट यांची प्रत्येक जोडणी वेगळी ओळ समजा. “कोणताही बेस” असा पर्याय दिसला तर त्यात कोणते बेस येतात ते उघडून पाहा.

४. जुनी स्टँडिंग बिड तपासा. चार वर्षांपूर्वी, लग्नाआधी भरलेली बिड अजून जिवंत असू शकते.

५. फ्रीझ कधीपासून मोजतात ते पाहा: अवॉर्डच्या दिवसापासून, की लाइन चेक (ट्रेनिंगच्या शेवटी नेहमीच्या उड्डाणात होणारी परीक्षा) झाल्यापासून? यात वर्षाचा फरक पडू शकतो.

६. मुदत कोणत्या वेळेनुसार आहे, स्थानिक की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ)? शेवटच्या दिवशी लेओव्हरवर (ट्रिपमधल्या परगावच्या मुक्कामावर) असाल तर आधीच भरा, आणि पोचपावती जपून ठेवा.

७. डिस्प्लेसमेंटची पसंती वेगळी भरायची असेल तर तीही आजच भरा.

भरून झालेली यादी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. फक्त ओळी वाचायच्या आणि विचारायचं: ही लागली तर खरंच जाणार?

टप्पा ९: अवॉर्डपासून लाइन चेकपर्यंत

या महिन्यांत घाई महागात पडते. लाइन चेक पास होऊन बेस पक्का होईपर्यंत घर विकू नका, नवं घेऊ नका, भाड्यानेच राहा. अवॉर्ड मागे घेतले जातात, कोर्सच्या तारखा सरकतात, बेस उघडायला उशीर होतो.

सिम्युलेटर कुठे आहे ते विचारा. बरेचदा तो बेसच्या गावात नसतो, आणि सत्रं रात्री-अपरात्री असतात. आधीच मंजूर झालेली रजा ट्रेनिंगच्या काळात आली तर तिचं काय होतं, हेही विचारा, कारण याच मुद्द्यावर घरात सगळ्यात जास्त वाद होतात. कोर्स सुरू होण्याआधी घरच्यांना स्पष्ट सांगा: हे दोन-तीन महिने मी घरी असलो तरी अभ्यासात असेन.

लाइनवर आल्यावर महिन्याच्या बिडमध्ये सगळं मागू नका. तळाच्या माणसाने दहा अटी लिहिल्या की सॉफ्टवेअर वाटेल त्या पाडतं. दोनच लिहा, महत्त्वाच्या क्रमाने: अमुक तारीख सुट्टी, आणि पहाटेचं रिपोर्टिंग नको. सहा महिने असं करून पाहा, मग तिसरी जोडा.

टप्पा १०: नोंद ठेवा, फ्रीझ संपण्याआधी निर्णय घ्या

साध्या वहीत दर महिन्याला एवढंच: घरी काढलेल्या रात्री, ड्यूटीआधीच्या २४ तासांतली झोप, बदललेल्या ड्यूट्या, चुकलेले घरचे प्रसंग, आजारपणाचे दिवस. ड्यूटीआधी सहा तासांहून कमी झोप वारंवार दिसू लागली, तर फ्रीझ संपायची वाट पाहू नका. थकव्याचा अहवाल भरा, कंपनीच्या डॉक्टरांशी बोला, आणि ज्या दिवशी तंदुरुस्त नाही त्या दिवशी “उडणार नाही” हे सांगा. अमेरिकेच्या नियमांत काय, युरोपच्या नियमांत काय, थकलेल्या पायलटने ड्यूटी स्वीकारू नये ही जबाबदारी पायलटवर टाकलेली आहे.

फ्रीझ संपायला सहा महिने उरले की ही वही आणि टप्पा २ चा कागद शेजारी ठेवा. पहिल्या रकान्यातल्या अटी आज त्याच आहेत का, हे जोडीदाराला पुन्हा विचारा, नवी सिनिऑरिटी यादी काढा, आणि टप्पा ३ पासून आकडे नव्याने भरा.